नीलवंतला पद मिळालं, पुढे काय? राज्य फुलपाखराच्या निवडीचं एक परीक्षण

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी एक मोठं फुलपाखरू रंगवलं गेलं. काळे पंख, त्यावर निळे ठिपके आणि खाली ठळक अक्षरांत 'आपले राज्य फुलपाखरू'. मी नेरूळला राहते. पावसाळा सरता सरता हेच फुलपाखरू कधीकधी आमच्या गॅलरीत, लिंबाच्या कुंडीपाशी घुटमळताना दिसतं. मागच्या सप्टेंबरात आईने हाक मारली, "अगं, लिंबाला कीड लागलीय बघ, पानं कुरतडलीत सगळी. फवारा कुठे ठेवलायस?" जाऊन पाहिलं तर पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या चार-पाच अळ्या. मी म्हटलं, "आई, थांब. ही फुलपाखराची पिल्लं आहेत. कदाचित त्या भिंतीवरच्या फुलपाखराचीच." आई म्हणाली, "असू दे की. फुलपाखरू भिंतीवर छान आहे, माझं लिंबू कशाला खातंय?"

मला हसू आलं. पण महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराबद्दल माझी जी तक्रार आहे, ती आईने एका वाक्यात सांगून टाकली होती. आज तीच तक्रार नीट मांडते. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, कोणी प्रस्ताव लिहायला बसलंय. शोधनिबंधाचं परीक्षण करायला आपण शिकतो, तसंच एखाद्या सरकारी निर्णयाचंही करता येतं. त्यातला दावा कोणता, निकष कोणते, पुरावा कुठे आहे, हे विचारायचं. विषय साधा वाटेल, पण सरावाला उत्तम आहे.

निर्णय काय होता

जून २०१५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत 'ब्ल्यू मॉरमॉन' हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. शेकरू हा राज्य प्राणी, हरियाल हा राज्य पक्षी, आंबा हा राज्य वृक्ष आणि ताम्हण हे राज्य फूल आपल्याकडे आधीपासून होतंच. फुलपाखराला असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. पुढे रांगच लागली. उत्तराखंडने २०१६ मध्ये कॉमन पीकॉक निवडलं, कर्नाटकाने सदर्न बर्डविंग, केरळने २०१८ मध्ये बुद्ध मयूरी, तमिळनाडूने २०१९ मध्ये तमिळ योमन.

त्या वेळी बातम्यांतून जी कारणं पुढे आली ती साधारण अशी. हे फुलपाखरू फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडतं. आपल्याकडे मुख्यतः पश्चिम घाट आणि किनारपट्टीत दिसतं, क्वचित विदर्भातही. आकाराने ते सदर्न बर्डविंगच्या खालोखाल देशात दुसरं. मखमली काळे पंख, त्यावर चमकदार निळे ठिपके. राज्यात फुलपाखरांच्या सुमारे २२५ जाती आहेत आणि या निर्णयाने त्यांच्या संवर्धनाला मदत होईल, असंही सांगितलं गेलं.

आता हा परिच्छेद एखाद्या शोधनिबंधाचा सारांश समजून पुन्हा वाचा. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, हेच फुलपाखरू का, म्हणजे निवडीचे निकष. दुसरी, निवडल्याने काय साधेल, म्हणजे दावा. गंमत म्हणजे निकषांचा दाव्याशी काही संबंधच लागत नाही.

निकष: दिसणं की जगणं?

आकाराचा निकष घ्या. क्रमांकावर उभं केलेलं कारण किती कच्चं असतं, ते पाच वर्षांत कळलं. २०२० मध्ये उत्तराखंडातल्या गोल्डन बर्डविंगच्या एका मादीची नोंद प्रसिद्ध झाली. पंखांचा विस्तार १९४ मिलिमीटर. सदर्न बर्डविंगचा १९३२ पासूनचा १९० मिलिमीटरचा विक्रम त्यामुळे मोडला. म्हणजे 'देशात दुसरं' हे वाक्य त्या हिशेबाने खाली सरकलं. फुलपाखरू तेवढंच राहिलं, पण त्याला निवडण्याचं एक कारण डळमळलं.

रंगाच्या निकषाचं तर काय सांगावं! सुंदर दिसणं हे निवडीचं कारण असायला माझी हरकत नाही. चिन्ह लोकांना आवडायलाच हवं. कर्नाटकातल्या निवडीच्या वेळी सदर्न बर्डविंगचे लाल-पिवळे रंग तिथल्या झेंड्याशी जुळतात हेही कौतुकाने सांगितलं गेलं. पण कीटकाच्या बाबतीत 'दिसणं' म्हणजे त्याच्या आयुष्याची शेवटची, उडती अवस्था. अंडं, अळी, कोष आणि मग फुलपाखरू अशा चार अवस्थांपैकी आपण एकीला पद दिलं. बाकीच्या तिघी चिन्हात नाहीतच.

प्राण्या-पक्ष्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. शेकरूचं पिल्लू शेकरूसारखंच दिसतं आणि त्याच झाडावर राहतं. नीलवंतची अळी मात्र वेगळं अन्न खाते, वेगळी दिसते आणि आपल्याला नकोशी वाटते. प्रौढ फुलपाखराला मकरंद हवा, तो घाणेरी, एक्झोरा, जास्वंद अशा बऱ्याच फुलांतून मिळतो. अळीला मात्र लिंबाच्या कुळातलीच पानं लागतात. जंगलात माकडलिंबू आणि त्याच्या जवळची झाडं, घराजवळ लिंबू, पपनस. ही झाडं नसतील तर बागेत कितीही फुलं लावा, फुलपाखरू येईल, मकरंद पिईल आणि निघून जाईल. शहरांतली बरीच फुलपाखरू उद्यानं याच चुकीवर उभी असतात. खानावळ आहे, पाळणाघर नाही.

आणि इथे निर्णयाची दुसरी बाजू दिसते. लिंबू-संत्र्याची पानं खाणारी अळी ही बागायतदाराची जुनी डोकेदुखी आहे. त्यात मुख्य आरोपी असतं ते लाइम बटरफ्लाय, नीलवंतच्याच पॅपिलिओ प्रजातीतलं भावंड. शेतीच्या पुस्तकात ती कीड आहे आणि तिच्यासाठी फवारणीचा सल्ला आहे. लहान असताना या सगळ्या भावंडांच्या अळ्या जवळजवळ सारख्याच दिसतात, विष्ठेच्या थेंबासारख्या. फवारा काही ओळखपत्र बघत नाही. एका खात्याने ज्याला मान दिला, त्याच्या लेकरांवर दुसऱ्या खात्याच्या सल्ल्याने औषध पडू शकतं. यात कोणाचा दुष्टावा नाही. निवड करताना अळीचा विचारच झाला नाही, एवढंच. झाला असता तर चिन्हाच्या घोषणेबरोबर खाद्य वनस्पतींची यादी आली असती आणि शाळेच्या फलकावर फुलपाखराशेजारी अळीचंही चित्र असतं.

दावा: संवर्धन होईल

आता दाव्याकडे येऊ. तपासायला आपल्या दाराशीच एक उदाहरण आहे. तेच वर्ष, २०१५. जूनमध्ये नीलवंतला पद मिळालं आणि ऑगस्टमध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये ही खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. फ्लेमिंगो हा काही राज्य पक्षी नाही. त्याला पद मिळालं नाही, जागा मिळाली. नकाशावर रेघ आली, त्या रेघेच्या आत काय करायचं नाही याचे नियम आले.

नवी मुंबईकरांना पुढचंही माहीत आहे. अभयारण्याच्या रेघेबाहेरच्या पाणथळ जागा, म्हणजे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूची तळी, यांच्यावरून वाद चालूच आहेत. शहराने फ्लेमिंगोला स्वतःची ओळख केलं, चौकाचौकांत पुतळे आणि भिंतींवर चित्रं आली, पण भरतीच्या वेळी पक्षी जिथे येऊन बसतात त्या तळ्यांचं काय, हा प्रश्न चित्रांनी सुटला नाही. म्हणजे जागा मिळाली तिथेही अर्धीच मिळाली. पण भांडायला निदान एक रेघ आहे, कागद आहे. नीलवंतच्या नावाने असं काय आहे? कुठली जागा राखायची, कुठलं झाड तोडायचं नाही, दर वर्षी कोणी काय मोजायचं, यातलं काहीही त्या पदातून आपोआप येत नाही.

पद देताना जमिनीवर काय चाललंय ते पाहिलं नाही तर काय होतं, याचा नमुना न्यूयॉर्कमध्ये आहे. अमेरिकेत राज्य कीटक निवडायची प्रथा जुनी. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये नऊ ठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगेरा राज्य कीटक केला. एके काळी तो तिथे सगळीकडे असायचा. पण चिन्ह ठरलं तेव्हा त्या राज्यात तो काही वर्षं कोणाला दिसलाच नव्हता. नाहीशा झालेल्याला पद मिळालं! पुढे तिथल्या विधिमंडळात दुसरा भुंगेरा निवडायचा प्रस्तावही आला, तो पूर्णत्वाला गेला नाही. २०११ मध्ये लाँग आयलंडवर तो पुन्हा सापडला, तोही हरवलेले लेडीबर्ड शोधायच्या मोहिमेत सामान्य लोक सहभागी झाले होते म्हणून. त्याच देशात पंधराहून अधिक राज्यांनी मधमाशी निवडली आहे, आणि ती मधमाशी मूळची तिथली नव्हेच, सतराव्या शतकात युरोपातून नेलेली. कीटकांबाबत आपल्या मनातलं चित्र आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत किती अंतर पडू शकतं, ते यातून दिसतं.

मी केलेली चूक

आता थोडी स्वतःची फजिती. नोंदणीनंतरच्या माझ्या पहिल्या सादरीकरणात मी एक आलेख दाखवला होता. विषय होता, नागरिकांनी नोंदवलेल्या निरीक्षणांचा संशोधनात उपयोग. खुल्या संकेतस्थळांवरून नीलवंतच्या नोंदी घेतल्या, वर्षवार मांडल्या आणि रेघ झकास वर गेलेली दिसली. २०१५ च्या जागी मी एक उभी तुटक रेघही काढली होती. "राज्य फुलपाखरू झाल्यानंतर नोंदींत वाढ," असं मी मोठ्या उत्साहाने म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "फुलपाखरं वाढली की मोबाईल?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षांत कॅमेऱ्याचे फोन वाढले, नोंद करायची अॅप्स आली, सप्टेंबरात देशभर फुलपाखरू महिना साजरा व्हायला लागला. नोंदी वाढायला एवढी कारणं पुरेशी आहेत. पण खरा घोळ त्याच्याही पुढचा आहे. पद मिळाल्यामुळे हे फुलपाखरू लोकांना ओळखू यायला लागलं. जे ओळखू येतं त्याचा फोटो काढला जातो, नोंद होते. म्हणजे ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा, तिनेच मोजायची पट्टी बदलली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. तुमचा विषय फुलपाखरं नसेल, सरकारी योजना असेल, शाळेतली गळती असेल, एखादा आजार असेल, तरी हा घोळ भेटणारच. जनजागृती मोहिमेनंतर तक्रारी वाढल्या तर त्रास वाढला की तक्रार करायचं धाडस?

मग मार्ग काय? मॅडमनी त्या दिवशी तीन रस्ते सुचवले. ते इथे देते, कारण पुस्तकात ते वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात.

पहिला, तुलनेला सोबती घ्या. नीलवंतचाच एक भाऊ आहे, कॉमन मॉरमॉन, मराठीत बहुरूपी. त्याच बागांत येतो, त्याची अळीही लिंबू-कढीपत्त्यावर वाढते, त्याला पद मात्र नाही. दोघांच्याही नोंदी सारख्याच वाढल्या असतील तर वाढ निरीक्षकांची आहे. फक्त नीलवंतच्या वाढल्या असतील तर प्रश्न उरतो, पण निदान लहान होतो.

दुसरा, पदाच्या हद्दीबाहेर बघा. नीलवंत कर्नाटकातही उडतो, तिथे त्याला पद नाही. दोन्हीकडच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, यांतल्या फरकाची तुलना करा. इथेही अडचणी आहेत. मुंबई-पुण्यात निरीक्षक जास्त आणि मराठी बातम्या सीमेपलीकडेही वाचल्या जातात. त्या अडचणी लपवायच्या नाहीत, प्रबंधात लिहायच्या.

तिसरा आणि सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून सगळ्यात उपयोगी: ठरावीक वाटेवरची मोजणी. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी ही पद्धत रुजवली आणि १९७६ पासून तिथे ती सलग चालू आहे. एक ठरलेली वाट, ठरलेलं हवामान, आठवड्यातून एकदा चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्या चौकटीत जी दिसतील ती सगळी मोजायची. सुंदर असो, नसो. एकही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. ते शून्य फार मोलाचं असतं. अॅपवर कोणी 'आज काही दिसलं नाही' असा फोटो टाकत नाही ना!

खारघरच्या टेकड्यांवर, पारसिकच्या उतारावर अशा दोन-तीन वाटा २०१५ च्या आधीपासून चालल्या गेल्या असत्या, तर आज उत्तर देता आलं असतं. आपल्या पावसाला ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, वेळापत्रक बदलावं लागेल. पण घोषणेच्या आधीची आधाररेषा लागतेच. आणि ती गेली की गेली, नंतर पैसे देऊनही मिळत नाही.

दुसरी बाजू

परीक्षण म्हणजे नुसती खोट काढणं नव्हे, म्हणून जे साधलं तेही सांगायला हवं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मराठी नावं. 'ब्ल्यू मॉरमॉन' हे नाव नुसतं परकं नाही, या फुलपाखराला ते नीट लागूही पडत नाही. कॉमन मॉरमॉनच्या माद्या वेगवेगळ्या रूपांत दिसतात, काही तर विषारी गुलाबी फुलपाखरांची नक्कल करतात. एका नराच्या अनेक तऱ्हेच्या बायका, म्हणून बहुपत्नीत्वासाठी प्रसिद्ध झालेल्या मॉर्मन पंथाचं नाव त्याला चिकटलं. नीलवंतच्या मादीत असा प्रकारच नाही, तो केवळ भाऊबंदकीने मॉर्मन झाला. राज्याच्या जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने फुलपाखरांना मराठी नावं मिळाली आणि 'नीलवंत' रूढ होऊ लागलं. बाकीची नावंही ऐका: यामिनी, रुईकर, मनमौजी, भटका. रुईकर म्हटलं की ते रुईवर वाढतं हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे एका नावात खाद्य वनस्पतीच आली. जी गोष्ट पदाने केली नाही, ती या नावाने केली.

दुसरं, लोकांचा रस वाढला हे नाकारता येणार नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय फुलपाखरासाठी सात उमेदवारांमधून ऑनलाइन मतदान झालं, तेव्हा देशभरातून जवळपास ६० हजार मतं पडली. एका कीटकासाठी! हा रस म्हणजे संवर्धन नव्हे, पण त्याशिवाय संवर्धनही होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की रस हा परिणाम म्हणून सांगा. फुलपाखरं वाचली असं सांगू नका, कारण ते कोणी मोजलेलं मला तरी आढळलं नाही.

तर तुमच्या प्रस्तावासाठी

मुलाखतीत समितीने विचारलं की 'या विषयात संशोधनाला जागा कुठे आहे', तर बहुतेक जण 'यावर काम झालेलं नाही' असं सांगून मोकळे होतात. ते उत्तर पुरत नाही. काम झालेलं नाही अशा गोष्टी लाखभर आहेत. त्यापेक्षा असं सांगा: अमुक निर्णयात अमुक दावा आहे, तो अमुक निकषांवर उभा आहे, निकष आणि दावा यांच्यात ही फट आहे, आणि मी ती अशी मोजणार आहे. राज्य फुलपाखरावर हे सगळं दोन ओळींत बसतं. दावा संवर्धनाचा, निकष दिसण्याचे, फट अळीची आणि मोजणी वाटेवरची. तुमच्या विषयात या चार जागी काय येतं, ते आज रात्री एका कागदावर लिहून बघा. एखादी जागा रिकामी राहिली तर बिघडत नाही. मार्गदर्शकाकडे पहिल्यांदा जाताना तीच घेऊन जा.

आणि हो, लिंबाच्या कुंडीचं काय झालं ते राहिलंच. आईने फवारा मारला नाही. आम्ही तडजोड केली: दोन फांद्या अळ्यांच्या, बाकीचं झाड आईचं. अळ्या मोठ्या झाल्या, हिरव्या झाल्या. हात लावला की डोक्यामागून लालसर शिंगं काढून वास सोडायच्या, तेव्हा आई "ई" करून मागे व्हायची. तीन अळ्या एके दिवशी गायब झाल्या, बहुधा चिमण्यांनी नेल्या. एक कोषात गेली. सकाळी सकाळी कोष फुटला तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला फोन तयार ठेवला होता. बाहेर आलं ते नीलवंत नव्हतं. पिवळट ठिपक्यांचं साधं लाइम बटरफ्लाय होतं, शेतीच्या पुस्तकातली कीड.

मी जरा हिरमुसले. आईने मात्र पंख सुकेपर्यंत तिथेच स्टूल टाकून बसून पाहिलं, आणि ते उडाल्यावर विचारलं, "याचं चित्र नाही का काढत कोणी भिंतीवर?"